जुनी रेसची फियाट उभी करताना: आधी कागद, मग पाना

जळगाव, अमळनेर, धुळे, शहादा, कुठूनही फोन आला तरी गोष्ट बहुतेक एकच असते. "दादा, काकांची जुनी फियाट सापडली. काका ती मद्रासजवळच्या शोलावरमला रेसमध्ये पळवायचे म्हणतात. आम्ही गाडी पूर्ण खोलली, पत्रा पांढरा केला, प्रायमर मारला. आता ही रेसची गाडी आहे हे दाखवायचं कसं?" तोवर दाखवण्यासारखं बरंचसं घासून गेलेलं असतं.

साध्या जुन्या गाडीत जादा भोक म्हणजे खराबी. स्पर्धेत धावलेल्या गाडीत तेच भोक साक्षीदार असतं. म्हणून या कामाचा क्रम नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगपेक्षा वेगळा आहे, आणि लोक चुकतात ते हातकामात नाही, क्रमात. उदाहरणं मी फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनीची देतो, कारण आपल्याकडे शेडमधून निघतात त्या बहुतेक याच. हेराल्ड, अँबेसिडर किंवा जीप असली तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: गाडी आहे तिथे, आहे तशी

गाडी जिनिंगच्या शेडमध्ये असो की केळीच्या मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, पहिल्या दिवशी तिला हलवू नका आणि धुऊ नका. मोबाइल, टॉर्च, मोजपट्टी आणि वही एवढंच घेऊन जा. चारही बाजू, चारही चाकं, बॉनेटखाली, डिक्कीत, डॅशबोर्डखाली, सीटखाली असे किमान दीडशे फोटो काढा. प्रत्येक जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. मापाशिवाय काढलेला भोकाचा फोटो पुढे जुन्या फोटोशी ताडताना काही कामाचा नसतो.

मग आतला कचरा. तो झाडून उकिरड्यावर टाकू नका, चाळणीतून चाळा. एका गाडीत मागच्या सीटच्या स्प्रिंगखाली उंदरांनी सरकी आणि कापसाचं मोठं घरटं केलं होतं. त्यात पेट्रोल पंपाच्या पावतीचा कुरतडलेला तुकडा निघाला. रक्कम गेली होती, पण गावाचं नाव आणि तारखेतला महिना वाचता येत होता. घरच्यांच्या मते गाडी कधी जिल्ह्याबाहेर गेलीच नव्हती. त्या तुकड्यावरचं गाव दुसऱ्या राज्यातलं होतं.

इशारा: "बघू तरी चालू होते का" म्हणून बॅटरी लावून चावी फिरवू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेल्या असतात. एका झटक्यात रिंग तुटते आणि वाचला असता तो बोअर ओरखडतो. गाडी न्यायची तर ट्रकवर चढवून. जाम झालेल्या ब्रेकसह दोरीने ओढत नेऊ नका.

## टप्पा २: दप्तर

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, विम्याचे जुने कागद आणि मूळ विक्रीचं बिल शोधा. घरच्या ट्रंकेत बघा, देवघराच्या कपाटातही बघा. आपल्याकडे महत्त्वाचे कागद तिथे निघतात.

खानदेशात दप्तर शोधताना लोक एका साध्या गोष्टीपाशी अडतात. १९६० पर्यंतच्या कागदांवर जळगाव 'पूर्व खानदेश' आहे आणि धुळे 'पश्चिम खानदेश'. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे शहादा-तळोद्याच्या गाडीची जुनी नोंद नंदुरबारला मिळाली नाही म्हणून हात टेकू नका, धुळ्याला विचारा. एमएच-१८ धुळे, एमएच-१९ जळगाव आणि एमएच-३९ नंदुरबार ही मालिका नंतरची. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरी नंबर असतो, आणि तो जपण्याजोगा पुरावा आहे.

आरटीओत तीन गोष्टी तपासून घ्या. रजिस्टरमधला चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अंकाला अंक जुळतो का. जुन्या कर्जाचा बोजा चढलेला आहे का. आणि नोंद संगणकावर आली आहे की अजून फक्त रजिस्टरात आहे. फक्त रजिस्टरात असेल तर ती आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१. हे काम गाडी रंगवून झाल्यावर नाही, आत्ताच करा. दोन वर्षं खपून गाडी उभी केल्यावर चुलतभावाने सहीला नकार दिलेली घरं मी पाहिली आहेत.

तपासणी: चेसिस नंबर ग्राइंडरने किंवा वायर ब्रशच्या मशीनने साफ करू नका. रॉकेलचा बोळा, मऊ ब्रश आणि धीर एवढ्यावर भागतं. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो ठसा वहीत चिकटवा. नंबर अस्पष्ट असेल तर अस्पष्टच राहू द्या आणि आरटीओला दाखवा. स्वतः पुन्हा ठोकलेला नंबर हा गुन्हा आहे, आणि त्या गाडीवर मग कुणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ३: पत्रा वाचायला शिका

हा टप्पा सगळ्यात मोलाचा आहे आणि बहुतेक जण तो वगळतात. याला दोन रविवार लागतात, खर्च जवळपास शून्य.

भोकं. गाडीवरचं प्रत्येक जादा भोक मोजा: व्यास, दोन भोकांतलं अंतर, काठ ड्रिलचा आहे की छिन्नीचा. सपाट धावपट्टीवरच्या रेसची गाडी आणि रॅलीची गाडी यांची भोकं वेगळी असतात. शोलावरम ही मद्रासजवळची जुनी विमानांची धावपट्टी. तिथे पळणाऱ्या गाडीतून वजन काढलेलं असतं: मागच्या सीटचे कंस कापलेले, दारांची आतली फळी गेलेली. रॅलीच्या गाडीत उलट वजन वाढलेलं असतं. इंजिनखाली संरक्षक पत्रा लावायच्या बोल्टची भोकं, पुढे जादा दिव्यांच्या पट्टीची भोकं, डिक्कीत दुसरी स्टेपनी आवळायची पट्टी, डावीकडे नकाशा बघायच्या दिव्याचं छोटं भोक. गाडीच्या पोटाला खड्यांचे मुरुमासारखे दाट ठोके असतील तर ती डांबरावर कमी आणि कच्च्यावर जास्त धावली आहे.

इथे माझ्या हातून घडलेलं सांगतो. डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला चार भोकं होती, वर दोन, खाली दोन. मिस्तरींनी विचारलं, "भाऊ, हाई भोक बुजी देऊ का?" मी गडबडीत हो म्हणालो. त्यांनी गॅसने बुजवून, पुट्टी घासून असं साफ काम केलं की बोटाला कळेना. सहा महिन्यांनी मालकांच्या भाच्याकडून भुसावळहून एक काळा-पांढरा फोटो आला. डाव्या सीटवर वही घेऊन बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर डॅशबोर्डवर शेजारी शेजारी दोन घड्याळं, एका पट्टीवर. ती चार भोकं त्या पट्टीची होती. गाडी रॅलीत धावल्याचा तो एकमेव भौतिक पुरावा, आणि त्याचं माप माझ्याकडे नव्हतं. नंतर आम्ही ती पट्टी अंदाजाने बसवली. ती आजही अंदाजानेच बसलेली आहे.

रंगाचे थर. डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू, डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, दाराच्या फळीआडची जागा, रबराच्या पट्टीखालची कड इथे पाच रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी उघडा. ४०० नंबरच्या पाणकागदाने हलकी सुरुवात, मग ६००, ८००, १०००, साबणाचं पाणी लावत. थर कड्यांसारखे दिसू लागतात, आंब्याच्या झाडाच्या खोडासारखे. पत्र्यालगतचा प्रायमर, त्यावर कारखान्याचा रंग, त्यावर बाकीचे. बाहेरच्या पत्र्यावर असलेला थर डिक्कीच्या आत नसेल, तर तो रंग घाईत फक्त बाहेरून मारलेला आहे. स्पर्धेसाठी असंच करत.

दारावरचा नंबर. अंधार पडल्यावर टॉर्च दाराला जवळजवळ चिकटवून तिरपा प्रकाश टाका. जुन्या गोलाची कड किंवा आकड्याचा उंचवटा वरच्या दोन थरांतूनही दिसतो. दिवसा हे कधीच दिसत नाही.

जोड. धडकेनंतर रेसवाले सर्रास दुसरी बॉडी चढवत आणि कागद जुनेच ठेवत. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), खांब आणि फरशी यांच्या जोडांवर मूळ स्पॉट वेल्डचे गोल ठिपके आहेत की हाताने ओढलेली वेल्डिंगची माळ आहे, ते बघा.

गंजही बोलतो. मुंबईत आयुष्य काढलेल्या गाडीचे फूटबोर्ड (दाराखालची पोकळ पट्टी) आणि फरशी खाऱ्या हवेने खाल्लेली असते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर, वायरिंग आणि डॅशबोर्ड तडकतात. आणि फूटबोर्डच्या आत काळी माती साचते, ती पावसाळ्यात ओल धरून आतून खाते. गाडी 'पहिल्यापासून धुळ्याची' म्हणतात आणि फरशी चाळण झाली आहे, तर मधली काही वर्षं ती कुठे होती हे शोधा.

## टप्पा ४: माणसं, फोटो, आणि पुराव्याची वही

वहीत प्रत्येक दाव्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पक्कं, शक्य, ऐकीव. कागद किंवा पत्रा स्वतः सांगतो ते पक्कं. दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता सांगितलं ते शक्य. एकाने सांगितलं ते ऐकीव. ऐकीव म्हणजे खोटं नव्हे, फक्त अजून जोड मिळालेली नाही.

जुन्या मिस्तरींकडे जाताना उत्तर पुढ्यात ठेवून प्रश्न विचारू नका. "आबा, ही गाडी रेसला होती ना?" म्हटलं की आबा तुमचं मन राखायला हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: तेव्हा रंग कुठला होता? पुढे दिवे किती होते? कार्बोरेटर एक की दोन? सायलेन्सर कुठून काढला होता? मग ते उत्तर पत्र्याशी ताडा. पद्मिनी कारखान्यातून एकाच सोलेक्स कार्बोरेटरवर यायची. दोन होते असं आबा म्हणत असतील, तर मॅनिफोल्डवर, ॲक्सिलरेटरच्या सांध्यावर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला खूण सापडली पाहिजे.

सगळ्यात मोठी गफलत निकालांच्या कागदांवरून होते. स्पर्धेच्या निकालात चालकाचं नाव आणि गाडीचा मेक असतो, चेसिस नंबर नसतो. काकांचं नाव निकालात सापडलं म्हणजे काका धावले हे पक्कं झालं. *हीच* गाडी धावली हे अजून शक्यच आहे. दारावरचा आकडाही पुरेसा नाही, तो दर स्पर्धेला बदलतो आणि दुसऱ्यालाही मिळतो. गाडी पटवायची ती फोटोतल्या नोंदणी नंबरावरून, नाहीतर बदलणं कठीण अशा खुणेवरून: मडगार्डचा पोचा, दिव्यांच्या पट्टीचं अंतर, जाळीची तुटलेली दांडी.

तारखा सोप्या बेरजेने तपासा. हिमालयन रॅली १९८० ते १९९० या काळात झाली. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, त्याआधी ती फियाट ११०० आणि मग प्रीमियर प्रेसिडेंट. "सत्तर सालच्या रेसची पद्मिनी" असं कुणी म्हणालं तर एकतर साल चुकलं आहे किंवा गाडी. पहिल्या नोंदणीच्या आधीची कुठलीही स्पर्धा वहीतून काट मारून काढा, ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी.

## टप्पा ५: कुठल्या दिवसाची गाडी?

खोलण्याआधी ठरवा. अशा गाडीला तीन-चार जन्म झालेले असतात: शोरूममधली, रेसची, पुन्हा घरची, मग शेडमधली. सगळे एकाच वेळी दाखवता येत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: ज्या दिवसाचा पुरावा 'पक्कं' रकान्यात सर्वांत जास्त आहे, तो दिवस निवडा. शोरूमसारखी चकाचक करण्याच्या नादात रेसचा जन्म पुसू नका. आणि पुरावा नसताना पट्टे ओढून, आकडे चिकटवून रेसची गाडी तयार तर मुळीच करू नका.

## टप्पा ६: खोलणं

क्रम: काचा आणि क्रोम, आतलं सामान, वायरिंग, इंजिन-गिअरबॉक्स, सस्पेन्शन, शेवटी दारं आणि बॉनेट. दारं आधी काढली तर पुढे फटी कशाशी जुळवायच्या तेच कळत नाही. म्हणून दारांच्या फटी मिलिमीटरमध्ये आधी लिहून ठेवा.

प्रत्येक भागाचे नट-बोल्ट त्याच्याच पिशवीत, पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पिशवीवर मार्करने लिहिलेलं डिझेलच्या एका थेंबाने पुसतं. वायरिंग कापू नका, प्रत्येक टोकाला टॅग लावून आख्खं जाळं काढा. जादा दिव्यांसाठी ओढलेली एखादी परकी वायर निघाली तर ती कुठून कुठे जाते ते काढण्याआधी चित्रात घ्या.

इशारा: काहीही भंगारात टाकू नका, पहिली दोन वर्षं तरी. तुटका कंसही पेटीत.

## टप्पा ७: पत्रा

फूटबोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या टाकून बॉडी बांधा आणि तिरपी मापं घ्या. बांधल्याशिवाय कापलं की गाडी मधे बसते, मग दारं आयुष्यभर लागत नाहीत. दारं, बॉनेट, टप अशा सपाट पत्र्यावर वाळूचा मारा करू नका. पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो. तिथे पेंट रिमूव्हर आणि हात. नवीन पत्रा लावाल तिथे जुना कापलेला तुकडा नाव घालून जपा.

रेसच्या भोकांचं काय करायचं? ठरलेल्या दिवसाची असतील तर उघडी ठेवून कडेला प्रायमर. नंतरची असतील तर बुजवा, पण वहीत माप आणि फोटो असल्याशिवाय नाही.

## टप्पा ८: इंजिन, ब्रेक, पेट्रोल

इंजिन खोलल्यावर आधी मापं, नंतर काम. फियाटचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, म्हणजे १०८९ सीसी. बोअर त्याहून मोठा निघाला तर तो दुरुस्तीत वाढला की स्पर्धेसाठी, हे पिस्टनवरचे शिक्के, हेडची घासलेली जाडी आणि कॅमशाफ्ट मिळून सांगतात. लेथवाल्याकडे देण्याआधी हे सगळं लिहा. एकदा होनिंग झालं, म्हणजे बोअर आतून घासून गुळगुळीत केला, की ती माहिती गेली.

सुट्या भागांसाठी लोक मुंबई गाठतात. तिथल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, त्यांचं सामान बाजारात आहे. पण त्यातलं बरंच नंतरच्या वर्षांचं असतं. भाग घेताना तुमच्या गाडीच्या वर्षाचा नमुना सोबत न्या.

ब्रेकमध्ये जुनं काही वाचवू नका. रबर, पाइप, सिलिंडरचे किट सगळं नवं. जुन्या लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा ते फुगवतं, म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप लावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 'नवीन' म्हणून विकलेले टायरही वाचून घ्या. जुना रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवायचा नळ्यांचा सांगाडा) शोभेला असू द्या, त्याच्या भरवशावर वेग घेऊ नका.

## टप्पा ९: रंग, आणि खानदेशातला महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो, रंग कोरडा पडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने त्यावर पांढरट झाक येते. घाई असलीच तर पहाटे मारा, सावकाश उडणारा थिनर वापरा आणि फरशी आधी पाण्याने भिजवा, नाहीतर मातीची धूळ रंगात बसते.

थरांची एक खिडकी न रंगवता सोडा. डिक्कीच्या आत, नाण्याएवढी. पुढचा माणूस तुमच्या वहीवर विश्वास ठेवेल की नाही, हे ती ठरवेल.

## टप्पा १०: पहिली चावी आणि नोंदणी

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, इंजिन हाताने फिरवा, मग स्टार्टरने तेलाचा दाब आल्यावरच प्लग लावा. पहिले काही दिवस आवारातच. ब्रेक तीन वेळा तपासल्याशिवाय आग्रा रोडवर नेऊ नका.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा मूळ नंबर कायम राहतो. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. अट महत्त्वाची: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणूनच टप्पा ६ आणि ७ मध्ये जपलेले तुकडे आणि वही तपासणीच्या दिवशी सोबत न्या. ५० वर्षं झालेली नसतील तर नेहमीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

वहीच्या तीन प्रती काढा. एक घरी, एक गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. काढलेल्या भागांच्या पेटीवर चेसिस नंबर रंगाने लिहा. गाडी कधी विकलीत तर पेटी आणि वही गाडीसोबत जाईल, असं विक्रीच्या कागदातच लिहून घ्या.